चाकांवरची शेतीशाळा : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस बऱ्हाणपूरपासून थोड्या अंतरावरच्या एका खेड्यात शेतकऱ्यांच्या गटाच्या बैठकीस बसण्याचा योग आम्हांला आला. कडूनिंबाच्या झाडाखाली वीस-बावीस माणसे जमली होती. त्यांत सात-आठ बाया होत्या. मधोमध एक गोणपाट अंथरले होते आणि त्यावर ज्याने त्याने आपापल्या शेतातून उपटून आणलेली कपाशीची झाडे ठेवली होती. शिकवायला आलेला तरुण फार थोडे बोलला. त्याने एका बाईंच्या हाती एक हिरवे बोंड दिले व फोडून पाहण्यास सांगितले. आत गुलाबी अळी निघाली. मग कोणाच्या झाडावर किती बोंडे किडकी, कोणी पेरणी केव्हा केली, मागल्या वर्षीच्या पऱ्हाट्या कोणी घराशी रचून ठेवल्या, अशी विचारपूस सुरू झाली. तासाभरात त्या माणसांनी आपसांत हिशेब मांडून अळीचे मूळ बरेचसे शोधून काढले. तरुणाने फक्त आकडे पाटीवर लिहिले.

घरी परतताना आम्हांला राहून राहून एका माणसाची आठवण होत होती. तो आपल्या देशात कधी आला नाही, आणि त्याला जाऊन आता ऐंशीहून अधिक वर्षे झाली. त्याचे नाव आमच्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ साली निघाले, आणि तेव्हापासून भुईमुगाच्या दाण्यातून शेकडो वस्तू काढणारा काळा शास्त्रज्ञ मराठी घराघरांत पोहोचला. आमच्या शब्बाथशाळांतूनही त्याची गोष्ट सांगितली जाते. परंतु ती सांगताना आम्ही शिक्षक मंडळी हटकून प्रयोगशाळेत शिरतो, आणि बाहेर खेचराच्या गाडीवर जे घडले ते राहून जाते. आमच्या मते त्याच्या आयुष्यातले थोर काम तेच होते. म्हणून आज तेवढ्याचसाठी त्याचे चरित्र पुन्हा एकदा सांगावयाचे आहे.

जॉर्जचा जन्म अमेरिकेतील मिसूरी राज्यात, डायमंड ग्रोव्ह या वस्तीजवळ झाला. साल १८६४ च्या आसपासचे. नक्की तारीख त्यालाही कधी कळली नाही, कारण गुलामाच्या मुलाचा जन्म कोण लिहून ठेवणार? आई मेरी ही मोझेस कार्व्हर नावाच्या शेतकऱ्याच्या मालकीची गुलाम होती. यादवी युद्धाच्या धामधुमीत दरोडेखोरांनी एका रात्री मायलेकरांना पळवून नेले. मोझेसने शोधासाठी माणूस धाडला. मूल तेवढे परत मिळाले, आई मिळाली नाही. शोधून आणणाऱ्याला मोझेसने बक्षीस म्हणून एक घोडा दिला. एका घोड्याच्या मोबदल्यात परत आलेले ते पोर डांग्या खोकल्याने इतके खंगले होते की वाचेल असे कोणालाच वाटत नव्हते.

ते वाचले, पण अशक्तच राहिले. गुलामगिरी संपली होती. मोझेस व त्याची बायको सुझन यांनी जॉर्ज व त्याचा थोरला भाऊ जिम यांना घरच्या पोरांसारखे वाढविले. जिम शेतात राबे. जॉर्ज सुझनबाईंच्या हाताखाली स्वयंपाक, धुणे, शिवणटिपण शिकला आणि उरलेला वेळ रानात झाडांच्या संगतीत घालवू लागला. शेजारपाजारचे लोक मरगळलेली रोपे त्याच्याकडे आणीत. बायकांची कामे म्हणून ज्यांना नाक मुरडले जाते, ती त्याला आली म्हणूनच पुढे तो शेतकऱ्यांच्या बायकांशी चुलीजवळ बसून बोलू शकला, हे येथेच नमूद करून ठेवतो.

जवळच्या शाळेत काळ्या मुलाला जागा नव्हती. म्हणून दहा-बारा वर्षांचा असताना तो आठ मैलांवरच्या निओशो गावी एकटा चालत गेला. तेथे मरायाह वॉटकिन्स नावाच्या सुइणीने त्याला घरात घेतले. ती लोकांची धुणीही धुवत असे. तिने त्याला पवित्र शास्त्र दिले. ते त्याने मरेपर्यंत जवळ बाळगले. पुढची दहा-बारा वर्षे कॅन्सस राज्यात धुणी धुऊन, भांडी घासून, शाळा जमेल तशी शिकत गेली. फोर्ट स्कॉट या गावी एका काळ्या माणसाला जमावाने ठार केल्याचे त्याने डोळ्यांनी पाहिले आणि त्याच रात्री गाव सोडले. हायलंड येथील कॉलेजने पत्राने प्रवेश दिला, आणि हा दारात उभा राहताच कातडीचा रंग पाहून तो परत घेतला.

या अपमानानंतर १८८६ च्या सुमारास त्याने जे केले ते चरित्रांतून ओझरते येते. कॅन्ससच्या पश्चिमेकडील उजाड माळावर, नेस परगण्यात, त्याने सरकारी जमिनीचा एक तुकडा घेतला. गवताच्या मुळ्यांनी घट्ट झालेली ढेकळे विटांसारखी रचून घर बांधले. हाताने जमीन फोडली, मका व भाजी लावली, विहिरीसाठी खणले तर पाणी लागले नाही. दोन-एक वर्षे झगडून त्याने ती जमीन सोडली. म्हणजे हा मनुष्य पुस्तकातून शेतीकडे आलेला नव्हता. कोरडवाहू जमिनीवर एकट्याने राबून हरणे काय असते, हे त्याने अंगावर काढले होते.

पुढे आयोवा राज्यात एका ख्रिस्ती कुटुंबाच्या आग्रहाने तो १८९० साली सिम्प्सन कॉलेजात दाखल झाला, तोही चित्रकलेसाठी! त्याची फुलझाडांची चित्रे पाहून शिक्षिका एटा बड यांनी त्याला सुचविले की शेतकीच्या शिक्षणात त्याचा अधिक उपयोग होईल. बाईंचे वडील एम्स येथील शेतकी कॉलेजात प्राध्यापक होते. १८९१ साली तो तेथे गेला. त्या कॉलेजातला तो पहिला काळा विद्यार्थी, आणि पुढे पहिला काळा शिक्षक. १८९४ मध्ये पदवी, १८९६ मध्ये वरची पदवी मिळाली. वनस्पतींवरील बुरशीच्या रोगांत त्याचे नाव होऊ लागले होते. तेथेच राहता तर एक निवांत, मानाचे आयुष्य त्याच्या वाट्यास आले असते.

पण त्याच वर्षी अलाबामातील टस्कीगीहून बुकर टी. वॉशिंग्टन यांचे बोलावणे आले. स्वतः गुलाम म्हणून जन्मलेल्या या गृहस्थांनी काळ्या मुलामुलींसाठी तेथे शाळा उभारली होती आणि शेतकी विभागाला त्यांना माणूस हवा होता. ऑक्टोबर १८९६ मध्ये कार्व्हर टस्कीगीला उतरला. आगगाडीच्या खिडकीतून त्याला मैलोगणती एकच पीक दिसले, ते कापसाचे. झोपडीच्या उंबऱ्यापर्यंत कापूस. भाजीचा वाफा नाही, गाय नाही, फळझाड नाही. पावसाने धुपून जमिनीला घळी पडलेल्या.

आम्हां बऱ्हाणपूर-खानदेशाकडच्या लोकांना हे दृश्य समजावून सांगावे लागू नये. आमची जमीन काळी व कसदार, तिकडची वाळूमिश्रित व लाल, एवढा फरक खरा. पण व्यवहार ओळखीचाच होता. गुलामगिरी गेली तरी जमीन जुन्या मालकांचीच राहिली. काळा शेतकरी ती बटाईने करी. पेरणीपासून वेचणीपर्यंत मीठ-पीठ, कापड, खत सारे दुकानदाराकडून किंवा मालकाकडून उधार येई, आणि त्यापोटी उभे पीक आधीच गहाण पडे. देणेकऱ्याला रोख पैसा देणारे पीक हवे, म्हणजे कापूस हवा. वर्षाअखेर वही उघडली की शेतकऱ्याच्या नावावर बाकीच निघे. वही लिहिणारा तोच, वाचणाराही तोच. घरात मक्याचे पीठ, खारवलेले डुकराचे मांस व काकवी यांवर दिवस निघत, आणि अशा अन्नाने पेलाग्रा नावाचा रोग त्या भागात घर करून होता.

या लोकांना विज्ञान शिकवायचे कसे? कार्व्हरपुढचा खरा प्रश्न हा होता.

शाळेने प्रयोगासाठी जो तुकडा दिला तो जवळजवळ टाकाऊच होता. १८९७ साली अलाबामा राज्याने तेथे प्रयोगक्षेत्र मंजूर केले आणि वर्षाला १५०० डॉलर देऊ केले. गोऱ्यांच्या शेतकी कॉलेजाला मिळणाऱ्या रकमेपुढे ही रक्कम अगदीच किरकोळ होती. प्रयोगशाळा म्हणावी तर उकिरड्यावरून विद्यार्थ्यांनी वेचून आणलेल्या बाटल्या, बरण्यांची झाकणे व एक दिवा. कार्व्हरने ठरविले की गरीब शेतकऱ्याला परवडणार नाही असे या तुकड्यावर काहीच करावयाचे नाही. विकतच्या खताऐवजी दलदलीतला काळा गाळ, रानातला पालापाचोळा आणि शेणखत. नांगरट खोल. उतारावर आडवे बांध. आणि कापसाच्या जागी चवळी, मग रताळी, मग पुन्हा कापूस. चवळी, भुईमूग यांच्या मुळांवरच्या गाठींतील सूक्ष्म जंतू हवेतील नत्र जमिनीत आणतात, ही गोष्ट तेव्हा युरोपातल्या प्रयोगशाळांत सिद्ध होऊन दहा-बारा वर्षेच झाली होती. ती त्याने बटाईदाराच्या बांधावर आणून ठेवली. काही वर्षांतच तोट्यातला तो तुकडा नफा देऊ लागला, आणि पुढे त्याच वाळूच्या जमिनीत एका एकरावर पाचशे पौंडांची कापसाची गाठ निघाली.

तुकडा सुधारला, पण तो पाहायला येणार कोण? येथून पुढच्या हकिकतीत आम्हांला विशेष रस आहे.

टस्कीगीत १८९२ पासून वर्षातून एकदा शेतकऱ्यांचा मेळावा भरत असे. पहिल्याच खेपेस पाऊणशे माणसांची अपेक्षा असता सुमारे चारशे आली होती. परंतु वर्षातून एक दिवस भाषणे ऐकून शेती सुधारत नाही. कार्व्हरने १८९७ पासून दर महिन्याला शेतकऱ्यांची बैठक सुरू केली. या बैठकीची रीत अशी की येणाऱ्याने हात हलवीत येऊ नये. आपल्या शेतातले काहीतरी, चांगले असो वा वाईट, घेऊन यावे. कोणी रोगट पान आणी, कोणी मोठे रताळे, कोणी मूठभर माती. ज्याचे पीक चांगले आले त्याने उठून आपण काय केले ते सांगावे, ज्याचे बिघडले त्याने तेही सांगावे. मग सर्वांनी मिळून प्रयोगाच्या तुकड्यावर चक्कर मारावी. कार्व्हर मधे मधे दोन शब्द बोले. बायकांसाठी रताळ्याचे, चवळीचे पदार्थ करून दाखविले जात, फळे-भाज्या वाळवून व टिकवून ठेवण्याच्या रीती शिकविल्या जात. निरक्षर माणसाला स्वतःच्या हाताने आणलेली वस्तू समोर असली की बोलायला भीती वाटत नाही. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना याचा अनुभव असेलच.

काही काळाने शेतकरी प्रदर्शन सुरू झाले. १९०४ पासून हिवाळ्यात, शेतीची कामे थंडावल्यावर, शेतकऱ्यांसाठी विनामूल्य अल्प मुदतीचा वर्ग निघाला. पहिल्या वर्षी मूठभरच माणसे आली, पण थोड्याच वर्षांत आकडा हजाराच्या वर गेला. शिवाय पत्रके होती. १८९८ पासून त्याच्या हयातीत अशी ४४ पत्रके निघाली. एकच विषय, साधी भाषा, आणि घरात असलेल्या वस्तूंनीच करता येतील असे उपाय. ज्याला वाचता येत नाही त्याला शाळेत जाणारे पोर वाचून दाखवील, हा हिशेब.

तरी जो सर्वांत गरीब, ज्याच्याजवळ गाडी नाही, नेसायला धड वस्त्र नाही, तो टस्कीगीपर्यंत येतच नव्हता. हे कार्व्हरच्या लक्षात आले होते. आठवड्याच्या शेवटी तो एका गाडीत अवजारे व रोपे घालून खेडोपाडी निघे. रविवारी उपासना सुटल्यावर देवळाच्या अंगणात लोक आयते जमलेले असत. तेथेच त्याची शाळा भरे. बुकर वॉशिंग्टन यांनाही हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर हवी होती. त्यांच्या सांगण्यावरून कार्व्हरने एका खास गाडीचा आराखडा काढला. बाजू उघडल्या की तक्ते दिसावेत, आत नांगर, कुळव, दूध तपासण्याचे व साय काढण्याचे यंत्र, लोणी काढण्याचे भांडे, बियाण्यांचे नमुने, माती असे सारे बसावे. न्यूयॉर्कचे सावकार मॉरिस जेसप यांनी पैसा दिला. शाळेतल्याच विद्यार्थ्यांनी गाडी बांधली. २४ मे १९०६ रोजी ती रस्त्यावर आली आणि दात्याच्या नावाने जेसप गाडी म्हणून ओळखली जाऊ लागली. त्या पहिल्या उन्हाळ्यात महिन्याला दोन हजारांवर माणसांपर्यंत ती पोहोचली.

आता आपले वाचक म्हणतील की गाडी तर औषधवाल्यांचीही गावोगाव फिरते. फरक होता तो गाडी थांबल्यानंतरच्या कामात. नोव्हेंबर १९०६ पासून थॉमस कॅम्पबेल हा टस्कीगीचाच विद्यार्थी या गाडीवर नेमला गेला. त्याचा पगार देण्यात अमेरिकेच्या शेतकी खात्याचाही हिस्सा होता, आणि त्या खात्याने खेडोपाडी काम करण्यास नेमलेला तो पहिला काळा मनुष्य. वस्तीतील एका शेतकऱ्याचे घर व रान निवडावयाचे, शेजारपाजारच्यांना तेथे बोलवावयाचे, आणि दिवसभर सर्वांनी मिळून त्याच जागेवर काम करावयाचे, अशी ही शाळा आकारास आली. नांगरट करून दाखवायची ती त्याच्याच खेचराने. घराला चुना लावायचा, डुकरांचा गोठा दुरुस्त करायचा, झाडांची छाटणी करायची, संडासाचा खड्डा खणायचा. पुढे गाडीबरोबर गृहकामाच्या शिक्षिका येऊ लागल्या, १९२० पासून परिचारिकाही आली. संध्याकाळी गाडी निघून जाई, पण केलेले काम उभे राही, आणि ते ज्यांनी केले ते शेजारीच राहत असत. कोणी विसरला तर विचारायला टस्कीगी गाठावे लागत नसे.

खेचराच्या गाडीची जागा १९१८ मध्ये मोटारीने घेतली, आणि १९२३ साली आणखी मोठी मोटार आली तेव्हा तिच्यासाठी काळ्या शेतकऱ्यांनी स्वतः वर्गणी काढली. उधारीवर जगणाऱ्या माणसांनी आपल्या शाळेला चाके घेऊन दिली! १९१४ च्या कायद्याने अमेरिकेभर शेतकी विस्ताराचे जाळे पसरले, त्यात टस्कीगीच्या या कामाचा वाटा होता. मात्र अलाबामात त्या कायद्याचा पैसा गोऱ्यांच्या कॉलेजाच्या हातून वाटला गेला आणि काळ्या कार्यकर्त्यांच्या वाट्यास थोडाच आला, हेही सांगितले पाहिजे.

कार्व्हर सर्वगुणसंपन्न होता असे आम्ही मुलांना सांगू नये. तो कारभारात कच्चा होता. कोंबड्यांचा विभाग त्याच्याकडे होता तेव्हा कोंबड्या मरत, अहवाल वेळेवर जात नसत, आणि बुकर वॉशिंग्टन यांचे चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या पाठविणे चाले. हा रुसून राजीनाम्याची भाषा करी. १९१० साली शेतकी विभागाची सूत्रे त्याच्याकडून काढून दुसऱ्याला देण्यात आली, ते त्याला फार लागले. दोघेही मोठी माणसे, आणि दोघांचेही थोडेथोडे बरोबर होते.

याहून मोठी गोष्ट अशी की त्याच्या शिकवणीला एक भिंत आडवी होती. जो बटाईदार पुढल्या वर्षी त्याच जमिनीवर असेल की नाही याची खात्री नाही, त्याने पालापाचोळा वाहून कोणाची जमीन सुधारावी? मालकाला कापूसच हवा असेल तर चवळी कोठे पेरावी? कार्व्हरने त्या पद्धतीशी उघड झगडा केला नाही. त्याने परसातला भाजीचा वाफा, दोन कोंबड्या, एक डुक्कर, बांधावरचा भुईमूग असे जेथे मालकाची वही पोहोचत नाही तेथून सुरुवात करून दिली. हे पुरेसे नव्हते, असे त्याच्यावर लिहिणाऱ्या काही अभ्यासकांनी म्हटले आहे, आणि आम्हांलाही ते खोटे वाटत नाही. लाखो काळी कुटुंबे पुढे ती जमीन सोडून उत्तरेच्या शहरांकडे निघून गेली. पण ज्या घरात हिवाळ्यात भाजी मिळाली, जेथे पोराच्या अंगावरचा पेलाग्रा गेला, त्या घराला विचारले तर उत्तर निराळे आले असते.

१९१० च्या सुमारास मेक्सिकोकडून आलेला बोंडावरचा भुंगेरा अलाबामात शिरला आणि कापूस खाऊन टाकू लागला. तेव्हा भुईमूग आपोआप पुढे आला. कॉफी परगण्यातील एन्टरप्राइज गावाने तर १९१९ साली या किडीचेच स्मारक उभारले, कारण तिच्यामुळे गाव कापसाच्या कचाट्यातून सुटले! कार्व्हरचे भुईमुगावरचे पत्रक १९१६ चे. भुईमूग कसा लावावा आणि तो खाण्याच्या १०५ रीती कोणत्या, ते त्यात दिले आहे. १९२१ साली तो भुईमुगावरील जकातीसंबंधी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे बोलला. ठरलेली दहा मिनिटे वाढत वाढत गेली, आणि तेथून तो जगप्रसिद्ध झाला. तीनशे वस्तूंची कथा यानंतरची. त्यांतील बहुतेक वस्तू बाजारात कधी टिकल्या नाहीत, आणि बऱ्याचशा म्हणजे एकाच जिनसेचे निरनिराळे प्रकार होते. भुईमुगाचे लोणीही त्याने शोधलेले नाही. शिक्षकांनी ही गोष्ट सांगताना एवढी दुरुस्ती करून घ्यावी. त्याने त्याचे मोठेपण कमी होत नाही.

त्याच्या भक्तीविषयी थोडेसे. तो पहाटे चारच्या सुमारास उठून रानात जाई. तेथेच प्रार्थना, तेथेच झाडांचे नमुने गोळा करणे. त्याला ही दोन कामे वेगळी वाटत नसत. १९०७ च्या सुमारास काही विद्यार्थ्यांनी आग्रह केल्यावरून त्याने रविवारी संध्याकाळी शास्त्राचा वर्ग सुरू केला. हजेरीची सक्ती नसताना खोली भरून जाई. येथेही त्याची रीत बैठकीतलीच होती. तो हातात एखादा दगड, एखादे बियाणे घेऊन येई आणि उत्पत्तीच्या पुस्तकातील वर्णनाला तेथून हात घाली. सुमारे तीस वर्षे हा वर्ग चालला. आपल्या देशाशीही त्याचा एक धागा जुळला. दीनबंधू अँड्र्यूज १९२९ साली टस्कीगीला गेले होते, आणि त्यांच्या ओळखीतून कार्व्हरने गांधीजींसाठी आहाराविषयी सूचना लिहून पाठविल्या.

त्याने लग्न केले नाही. पगार वाढवून मागितला नाही, कित्येकदा पगाराचे धनादेश टेबलाच्या खणातच पडून राहत. साठलेली सारी पुंजी त्याने १९४० च्या सुमारास टस्कीगीतील संशोधनासाठी देऊन टाकली. ५ जानेवारी १९४३ रोजी त्याचे निधन झाले. बुकर वॉशिंग्टन यांच्या कबरीशेजारी त्याला ठेवले आहे.

थॉमस कॅम्पबेल त्याच्या मागे आणखी तेरा वर्षे जगला. गाडीवरच्या शाळेची हकिकत त्याने १९३६ मध्येच लिहून ठेवली होती. आज शेतकऱ्यांच्या ज्या शेतीशाळा भरतात, त्यांची अलीकडची परंपरा १९८९ साली इंडोनेशियात भाताच्या किडींपासून सुरू झाली असे सांगतात, आणि ते खरे आहे. एका शेतात हंगामभर दर आठवड्याला पंचवीस-तीस जणांनी जमावे, झाडे मोजावीत, कीड व तिचे शत्रू दोन्ही ओळखावेत, आणि फवारायचे की नाही ते स्वतः ठरवावे, अशी ती पद्धत. पुढे आपल्याकडील कपाशीच्या शेतांतही ती आली. बऱ्हाणपूरच्या त्या निंबाखाली आम्ही पाहिले ते तिचेच एक साधे रूप. टस्कीगीच्या मासिक बैठकीतला शेतकरी तेथे येऊन बसता तर त्याला काही अनोळखी वाटले नसते. आपल्या हातात काय घेऊन यायचे एवढेच त्याने विचारले असते.

ज्या शिक्षकांना हा पाठ वर्गात घ्यावयाचा असेल त्यांना एक सूचना. श्रावणात, पाऊस पडून जमीन मऊ असताना, ओळखीच्या शेतकऱ्याकडून भुईमुगाची दोन-तीन झाडे मागून आणावीत. झाड ओढू नये, कुदळीने माती सैल करून अलगद काढावे, नाहीतर मुळे तुटतात. मुळे पाण्याच्या बादलीत हलवून धुवावीत. मोहरीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. मुलांना त्या नखाने फोडू द्याव्यात. गाठ काम करीत असेल तर आत गुलाबी-लाल रंग निघतो, निकामी असेल तर हिरवट किंवा मळकट. शेंगा मुलांना वाटून टाकाव्यात. आम्ही हा पाठ एकदा घेतला तेव्हा एका मुलीने घरी जाऊन वडिलांच्या शेतातली तुरीची मुळेही उपटून पाहिली, आणि पुढच्या रविवारी ती ओल्या फडक्यात गुंडाळून वर्गात घेऊन आली.